गाडी गरम होते, पगार ड्रायव्हरचा कापला जातो!



जुन्या मर्सिडीज गाडीच्या रेडिएटरविषयीचा लेख या पानावर पाहून काही वाचकांना हसू येईल. ज्यांच्या घरात लोकलचा पास आणि रेशनचे कार्ड हीच मोठी कागदपत्रे, त्यांना मर्सिडीजचे काय करायचे? शंका रास्त आहे. परंतु आपण जरा आपल्याच वस्तीत फिरून पाहावे. मर्सिडीज ज्याच्या नावावर असते तो मागच्या सीटवर बसतो. स्टिअरिंगवर बसणारा, सकाळी सहाला जाऊन ती पुसणारा, गॅरेजमध्ये तिच्याखाली पाठीवर झोपून हात काळे करणारा माणूस बहुधा आपल्याच गल्लीतून गेलेला असतो. म्हणजे त्या गाडीच्या बोनेटखाली काय चालते याचा संबंध आपल्या घरच्या चुलीशी आहे.

हा संबंध किती जवळचा आहे ते आमच्या वस्तीतील एका ड्रायव्हर बांधवाच्या बाबतीत आम्ही पाहिले. त्यांच्या मालकाने हौसेने एक जुनी मर्सिडीज ठेवली होती. लग्नसराईत ती भाड्यानेही जाई. काही आठवडे डॅशबोर्डवर पाणी कमी असल्याचा दिवा लागत होता. आमच्या बांधवाने तीनदा सांगितले, "साहेब, पाणी कुठंतरी जातंय, गाडी दाखवायला पाहिजे." तिन्ही वेळा उत्तर आले, "बघू रे पुढच्या महिन्यात. तोवर पाणी टाकत जा." पुढचा महिना येण्याआधी कसारा घाटात रेडिएटरचे तोंड तुटले, सगळे पाणी रस्त्यावर गेले आणि इंजिनाचे हेड वाकले. गॅरेजचे बिल मोठे झाले. त्या बिलापोटी दोन महिने अर्धा पगार कापला गेला आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी गेली.

आम्ही चार कार्यकर्ते त्यांच्याबरोबर मालकाकडे गेलो. मालकाने शांतपणे विचारले, "तू मला सांगितलंस म्हणतोस, मग ते कुठं लिहिलेलं आहे?" लिहिलेले कुठेच नव्हते. आमच्याकडे बोलायला पुष्कळ होते, पण दाखवायला एक कागद नव्हता. कारकुनाच्या टेबलावर वर्षे काढलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. ज्या व्यवहाराची नोंद नाही, तो झालाच नाही असे धरले जाते.

म्हणून हा लेख. यात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. गाडी गरम का होते, हे कारणांसह समजून घेणे ही पहिली. आणि जे समजले ते तारखेसह लिहून ठेवणे ही दुसरी.

कोणती गाडी?

उदाहरण म्हणून आम्ही एकच गाडी घेतो. गॅरेजवाले तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. जर्मनीत ती १९८४ च्या अखेरीस बाजारात आली आणि १९९३ पासून ई क्लास या नावाने विकली जाऊ लागली. समोरच्या काचेवर एकच मोठा वायपर आणि सरळ उभे राहू शकणारे बोनेट, ही तिची ओळख. आपल्या महाराष्ट्राशी तिचे नाते जवळचे आहे. मर्सिडीज-बेंझने १९९४ मध्ये टेल्कोबरोबर भारतात कंपनी काढली आणि १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोच्या आवारात याच गाडीची जोडणी सुरू झाली. पुढे २००९ मध्ये कंपनीचा कारखाना चाकणला गेला.

त्या वेळच्या गाड्या आज तिशीच्या आसपास आहेत. पहिल्या मालकाने कधीच विकल्या. आता त्या तिसऱ्या-चौथ्या हाती आहेत. लोखंड अजून भक्कम आहे, पण रबर आणि प्लास्टिक म्हातारे झाले आहे. पाण्याची यंत्रणा याच दोन वस्तूंवर उभी आहे, ही खरी अडचण.

आपल्याकडचे अनेक जुने कारागीर ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीवर शिकले. पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांचा रेडिएटर तांब्या-पितळेचा. गळला की डाग द्यायचा, चोंदला की आत सळी घालून साफ करायचा, नळाचे पाणी भरायचे आणि निघायचे. डब्ल्यू १२४ चा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या दोन बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या आहेत. तिथे तो जुना डाग धरत नाही. पद्मिनीवर चाललेली युक्ती इथे इंजिन घालवू शकते.

इंजिनाचे पाणी आणि घरचा कुकर

इंजिनात जळणाऱ्या इंधनापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ताकद चाके फिरवायला लागते, एक तृतीयांश धुरावाटे जाते आणि उरलेली एक तृतीयांश उष्णता पाण्याने उचलून बाहेर टाकावी लागते. त्यासाठी या गाडीत आठ-नऊ लिटरच्या आसपास पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण फिरत असते. वॉटर पंप ते ढकलतो. ते इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून उष्णता घेते, वरच्या होज पाइपातून रेडिएटरमध्ये जाते, तिथे वाऱ्याने थंड होते आणि खालच्या पाइपातून परत येते.

पाणी १०० अंशांना उकळते हे आपल्या मुलांनी शाळेत वाचलेले आहे. पण घरच्या कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. कारण आत दाब असतो. गाडीतही तेच होते. डब्ल्यू १२४ च्या रेडिएटरला झाकणच नसते. झाकण असते बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीला. त्यावर १४० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे १.४ बार दाबापर्यंत ते झाकण वाफ धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर गेले की दाब राहत नाही आणि पाणी लवकर उकळते. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, हे ज्या भगिनीला माहीत आहे तिला हे झाकण समजले असे आम्ही धरतो. रबर चिरलेले, फुगलेले किंवा कडक झालेले दिसले की झाकण बदलावे. सगळ्या यंत्रणेत इतका स्वस्त आणि इतका महत्त्वाचा भाग दुसरा नाही.

पाण्याचा हिशेब जुळला पाहिजे

ही यंत्रणा बंद आहे. निरोगी गाडीत महिनोन् महिने पाणी टाकावे लागत नाही. म्हणून 'रोज थोडे पाणी टाकतो, बाकी गाडी छान आहे' हे वाक्य खरे असू शकत नाही. खातेवहीत शंभर रुपये कमी निघाले तर आपण खिशातून भरून गप्प बसत नाही, चूक कुठे आहे ते शोधतो. पाण्याचेही तसेच. अर्धा लिटर गेले असेल तर ते कुठेतरी गेलेले आहे, आणि जाण्याच्या जागा मोजक्याच आहेत.

पहिली जागा होज पाइप. गाडी थंड असताना पाइप हाताने दाबून पाहावेत. लाकडासारखे कडक किंवा फार लिबलिबीत लागले, टोकाशी फुगलेले दिसले, की त्यांचा काळ संपला. क्लिपजवळ पांढरी किंवा हिरवट-निळी साखरेसारखी पूड दिसली, तर तिथून पाणी पाझरून वाळलेले आहे.

दुसरी जागा रेडिएटरचे वरचे तोंड. वरचा होज जिथे बसतो ती प्लास्टिकची नळी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होते आणि एक दिवस कोणतीही सूचना न देता तुटते. आमच्या बांधवाच्या गाडीत हेच झाले. जुना मूळ रेडिएटर अजून बसलेला असेल आणि त्याचे तोंड तपकिरी पडून बारीक चिरा दिसत असतील, तर 'अजून तुटले नाही' हे कारण पुरेसे नाही. तो बदलून घ्यावा. तिथले क्लिप अंगाची ताकद लावून आवळू नयेत, तुटायला तेवढेही निमित्त पुरते.

तिसरी जागा बाजूची टाकी. नवी असताना तिच्यातले पाणी बाहेरून दिसते. म्हातारी झाली की ती पिवळी-तपकिरी पडते आणि सांध्याला चीर जाते. या टाकीतच पाणी कमी झाल्याची सूचना देणारा सेन्सर असतो. तो दिवा लागला की 'सेन्सर खराब असेल' असे म्हणण्याआधी टाकी पाहावी.

चौथी जागा वॉटर पंप. त्याच्या पोटाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की त्या छिद्रातून थेंब येतात. ते छिद्र बुजवू नये, पंप बदलावा. पट्टा काढून पंपाची पुली हलवली आणि ती डुगडुगली, तरी तोच निर्णय.

पाचवी जागा आतली, आणि ती वाईट बातमी असते. बाहेर कुठे थेंब नाही, तरी पाणी कमी होते. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, ऑइल दुधाळ होते, टाकीत बुडबुडे येतात. म्हणजे हेड गॅस्केट गेले. या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या सुमारे दुप्पट पसरते. गाडी बेसुमार तापली की दोन धातूंची ओढाताण होते, हेड वाकते आणि मधले गॅस्केट हार मानते. थर्मोस्टॅट, झाकण आणि पाइप वेळेवर बदलण्याचा खर्च हेड खोलण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. हे मालकाला पटवून देता आले पाहिजे.

थर्मोस्टॅट काढू नका!

'थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी थंड राहील.' हा सल्ला कितीतरी गॅरेजमध्ये आजही दिला जातो. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक गोळी असते. साधारण ८५ ते ८७ अंशांना मेण वितळून फुगते आणि रेडिएटरचा रस्ता उघडते. या गाडीच्या थर्मोस्टॅटला खाली दुसरी एक चकती असते. इंजिन तापल्यावर ती जवळचा आडरस्ता बंद करते, म्हणजे सगळे पाणी रेडिएटरकडेच जाते. थर्मोस्टॅट काढला की आडरस्ता कायम उघडा राहतो, बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरते. घाटात गाडी थंड राहण्याऐवजी जास्तच तापते. आणि सपाटीवर इंजिन पुरेसे तापत नाही, तेव्हा इंधन जास्त लागते ते वेगळेच.

थर्मोस्टॅट तपासणे सोपे आहे. तो दोरीने पाण्यात सोडावा, पाणी तापवावे, थर्मामीटर धरून कधी उघडतो ते पाहावे. फक्त स्वयंपाकघरातले पातेले त्यासाठी घेऊ नये. त्याला कूलंट लागलेला असतो आणि कूलंट विषारी आहे. जुना पत्र्याचा डबा घ्यावा.

काटा कधी चढतो ते पाहा

हुशार डॉक्टर औषध देण्याआधी ताप कधी चढतो ते विचारतो. गाडीचेही तसेच आहे. सिग्नलवर उभी असताना तापते आणि पळू लागली की उतरते, तर दोष बहुधा पंख्यांत आहे. उभी असताना ठीक, पण चढावर किंवा वेगात तापते, तर रेडिएटर चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असण्याचा संभव जास्त. काटा वर आणि हीटर मात्र थंड हवा फेकतो, तर पाणी कमी आहे किंवा आत हवा धरली आहे.

पंखे दोन तऱ्हेचे आहेत. बहुतेक इंजिनांवर एक पंखा पट्ट्याच्या बाजूने फिरतो. त्याच्या मधल्या डब्यात सिलिकॉनचे घट्ट तेल असते, गरम हवा लागली की ते पंख्याला धरते. इंजिन पूर्ण तापलेले असताना बंद करून तो पंखा हाताने फिरवावा. जड लागला तर ठीक. गरमीतही भिरभिरला, तर डबा निकामी. दुसरे पंखे विजेवरचे, रेडिएटरच्या पुढे. पाणी बरेच तापल्यावर किंवा एसीच्या गरजेने ते आपोआप सुरू होतात. म्हणून चावी चालू असताना तिथे बोटे, रुमाल किंवा ओढणी नेऊ नये.

एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि कापूस साचून गादी तयार होते. बाहेरून सगळे स्वच्छ दिसते, पण वारा आत जात नाही. पाण्याची हलकी धार इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने सोडून ती काढावी. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्र्या वाकतात. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे कडे पुष्कळ गॅरेजमध्ये एकदा काढले की परत बसत नाही. ते हवेच. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून वारा ओढू शकत नाही.

पाणी कोणते घालावे?

मराठवाड्यात, विदर्भात बोअरचे पाणी किती क्षाराचे असते ते सांगायला नको. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांनी आतला पांढरा थर खरवडलेला आहे. तोच थर इंजिनाच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि उष्णता अडवतो. म्हणून डिस्टिल्ड वॉटर वापरावे, ज्याला दुकानात बॅटरीचे पाणी म्हणतात. बॅटरीचे ॲसिड नव्हे, एवढे मात्र पाहून घ्यावे.

निम्मे पाणी आणि निम्मा कूलंट हे प्रमाण या गाडीला योग्य आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारले जाते. कूलंट उत्कलनबिंदू वाढवतो आणि ॲल्युमिनियमला गंज लागू देत नाही, हे काम मुंबईतही लागते. डब्यावर मर्सिडीजची ३२५.० ही मान्यता लिहिलेली आहे का ते पाहावे. रंगावर विश्वास ठेवू नये. हिरवा, निळा, लाल हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने घालतात, आणि दोन जातींचे कूलंट एकत्र आले तर आत चिखलासारखा गाळ होऊ शकतो. या पिढीच्या गाड्यांना दर ३ वर्षांनी कूलंट बदलण्याचा नियम होता, तोच पाळावा. बदलताना रेडिएटरच्या खालच्या बुचाबरोबर ब्लॉकचेही बूच काढावे, नाहीतर जुने पाणी आतच राहते. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश भरावे. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे, वरचा पाइप हाताने दाबत हवा काढावी, पातळी उतरेल तसे भरावे, मग झाकण लावावे.

आता एक गंमत. पुष्कळ गाड्यांच्या पुढे शनिवारी लिंबू-मिरची बांधली जाते, गाडीला नजर लागू नये म्हणून. लिंबू बाहेर टांगून रेडिएटरला काडीचाही फायदा होत नाही. पण लिंबात जे आम्ल असते ते सायट्रिक ॲसिड पावडरच्या रूपात मिळते, आणि त्याच्या सौम्य द्रावणाने इंजिनातला क्षारांचा थर सुटतो. जाणत्या मेकॅनिककडून तसे धुऊन घ्यावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा खळखळून काढावे, कारण आम्ल आत राहिले तर धातू खाते. लिंबाचा गुण खरा आहे, तो कुठे वापरायचा हे ज्ञानाने कळते.

घाटात काटा चढला तर

घाबरू नये आणि मालकाच्या 'चल रे, पोहोचू' या बोलण्यात येऊ नये. एसी बंद करावा. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात सोडावा. आत बसणाऱ्यांना त्रास होईल, पण हीटरही छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबावे. वाफ येत असेल किंवा पाण्याचा दिवा लागलेला असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. तापलेल्या रिकाम्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो.

आणि झाकण उघडू नये. हे आम्ही दोनदा लिहिले तरी कमी आहे. आतले पाणी ११०-१२० अंशांवर केवळ दाबामुळे पाणी राहिलेले असते. झाकण फिरताच दाब जातो, त्यातले काही क्षणात वाफ होते आणि उरलेले उकळते पाणी तोंडावर, छातीवर, हातांवर उडते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला, की जाड फडके टाकून, तोंड बाजूला ठेवून आधी अर्धा आटा फिरवावा, फुस्स आवाज संपू द्यावा, मग झाकण काढावे. लग्नाची वरात खोळंबली तर खोळंबू द्यावी. वरातीला दुसरी गाडी मिळेल.

भगिनींसाठी दोन सूचना

घरात कोणी गॅरेजला जात असेल तर हे लक्षात असू द्यावे. वाफेने भाजल्यास भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. तोंड, डोळे किंवा मोठा भाग भाजला असेल तर लगेच रुग्णालय गाठावे.

दुसरी सूचना याहून महत्त्वाची. कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि दिसायला सरबतासारखे असते, पण मूत्रपिंडे निकामी करते. उरलेला कूलंट पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरी आणण्याची सवय जीवघेणी आहे. लहान मूल चुकून प्यायले तर ते आधी दारू प्यायल्यासारखे झुलते, आणि खरा त्रास काही तासांनी सुरू होतो. 'झोपेल आणि बरे होईल' असे समजून थांबू नये. बाटली बरोबर घेऊन तात्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. जुना कूलंट गटारात किंवा उघड्यावर ओतू नये, कुत्री-मांजरेही गोडीने तो चाटतात.

वही ठेवा

आता पुन्हा त्या कागदाकडे येऊ, जो आमच्याकडे नव्हता. त्या प्रसंगानंतर आमच्या विहारातील रविवारच्या बैठकीत आम्ही ड्रायव्हर बांधवांना एक साधी सवय सांगतो. दहा-वीस रुपयांची वही घ्यावी आणि पाच रकाने आखावेत. तारीख. किलोमीटर. पाणी किती टाकले. काटा कुठे होता. कोणाला, काय सांगितले. उदाहरणार्थ, '१२ तारखेला पाव लिटर, १९ तारखेला अर्धा लिटर, वरच्या पाइपाजवळ ओल, साहेबांना सांगितले.' अशा चार ओळी झाल्या की गळती वाढते आहे हे कोणालाही वाचता येते. त्याच दिवशी डॅशबोर्डच्या दिव्याचा फोटो आणि एक ओळ मालकाला मोबाइलवर पाठवावी. भाषा नम्र असावी. 'साहेब, पाणी कमी होत आहे. घाटात नेण्यापूर्वी दाखवणे जरूर आहे.' एवढे पुरे.

ही वही भांडणासाठी नाही. चांगला मालक तिचे स्वागतच करील, कारण त्याचे इंजिन वाचते. आणि मालक तसा नसेल तर बिलाच्या दिवशी आपला माणूस मान खाली घालून उभा राहणार नाही. ज्याला दोषाचे कारण सांगता येते आणि नोंद दाखवता येते त्याला लोक 'ए ड्रायव्हर' म्हणून हाक मारताना दोनदा विचार करतात. गॅरेजमधल्या पोराचेही तेच. गाडी गरम होते म्हणून अंदाजाने चार भाग बदलणारा आणि आधी काटा कधी चढतो ते विचारणारा, यांच्या मजुरीत पुढे फरक पडतोच.

भगवान बुद्धांनी कारणाशिवाय काही घडत नाही हे सांगितले. हे आहे म्हणून ते होते, हे नाहीसे झाले की तेही नाहीसे होते. कालामांना त्यांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, तपासून पाहा, असा उपदेश केला. नजर, ग्रह, गाडीचा वार यांवर विसंबणारा माणूस टाकीची चीर पाहत नाही. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्या खात्याकडे होते. हाताच्या कसबाला शिक्षणाची जोड मिळाली की मजुराला किंमत येते, ही दृष्टी आपण त्यांच्याकडून घेतली आहे. दहावी झालेल्या मुलांनी, आणि मुलींनीही, आयटीआयमधील मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची चौकशी जरूर करावी. वडिलांचे हात काळे झाले, मुलीच्या हातात प्रमाणपत्रासह पाना येऊ द्या.

दसरा जवळ आला की गाड्यांना हार-तुरे चढतात. आपली माणसे त्याच दिवसांत स्वतःच्या, मालकाच्या, भाड्याच्या गाड्या घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरच्या वाटेला लागतात. निघण्याच्या आदल्या दिवशी, गाडी थंड असताना, दहा मिनिटे काढावीत. टाकीतली पातळी, झाकणाचे रबर, वरचा पाइप, पट्टा, पंखे, जाळीतला कचरा. सहा गोष्टी पाहाव्यात, वहीत लिहाव्यात आणि मग दीक्षाभूमीकडे निघावे.

आपल्या वस्तीत कोणाचा पगार अशा कारणाने कापला गेला असेल तर त्यांनी आपल्या विहारातील कार्यकर्त्यांना भेटावे. येताना वही आणावी. नसेल तर त्याच दिवशी सुरू करावी.

जयभीम! नमो बुद्धाय!